हिरवं बटण

मिरज,
९ जानेवारी २०२५

भरतेश,

जय जिनेंद्र. आशीर्वाद द्यायचे की नाही ते पत्राच्या शेवटी ठरवते.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. मग रंगुबाईच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकून तोही केलास. ती बिचारी पंधरा वर्षं माझ्या खाणावळीत पोळ्या लाटतेय, तिनं तुझं काय वाकडं केलं होतं? असो. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय तुमच्या कंपनीनं अजून काढलेली नाही, म्हणून हे पत्र. रजिस्टर करून पाठवतेय. सही करूनच घ्यावं लागेल.

माफी मागायला लिहितेय असं वाटत असेल तर इथंच घडी घालून ठेव. तू जे ऐकलंस ते कंपनीच्या तोंडून. आता माझ्या तोंडून ऐक.

एकोणीस वर्षं या दवाखान्यासमोर मी डबे भरतेय. तुझे भाऊजी गेले त्या सालापासून. कोण जतचा, कोण विट्याचा, कोण पार कर्नाटकातला. पेशंट आत, बायकापोरं बाहेर. माणूस दारात येतो, डॉक्टर काय म्हणाले ते सांगतो, मी त्याच्या तोंडाकडं बघते आणि डबा भरते. टाके घातलेल्याला मुगाचं पाणी, साखरवाल्याला ज्वारीची भाकरी. कधी कुणाला बाधलं? एक नाव सांग.

ऑक्टोबरात तू तो टॅब घेऊन आलास. "अक्का, आता माणसं दारात येणार नाहीत, फोनवरूनच मागवणार. तू मागं राहशील." दिवाळीच्या आधी सुरू व्हायलाच पाहिजे म्हणालास. मी म्हटलं, ठेव बाबा. तो टिंग वाजायचा, थाळीचं चित्र यायचं, हिरवं बटण दाबलं की झालं. दोन महिने दाबलं.

एकवीस डिसेंबरला काय झालं? टिंग वाजलं. थाळीचं चित्र. मी बटण दाबलं, थाळी भरली. आमटी, पापड, लिंबाचं लोणचं. रिक्षावाला घेऊन गेला. डबा गेला बाळासो कदमांकडं. पाटणकडचे, फौजेतले रिटायर हवालदार, दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या, एक दिवसाआड मशीनवर. बायको औषधं आणायला खाली गेली होती. म्हाताऱ्यानं थाळी चाटूनपुसून खाल्ली. दुपारी धाप लागली, संध्याकाळी अतिदक्षता विभागात. दोन दिवस जीव टांगणीला.

आहार बघणाऱ्या क्रांती मॅडम म्हणतात, 'मीठ नाही, लोणचं नाही, किडनीचा पेशंट' असं त्यांनी स्वतः ऑर्डरीत लिहिलं होतं. मी म्हणते, माझ्याकडं असलं काही आलं नाही. टॅब दाखवा म्हणाले. टॅब त्याच दिवशी पाण्याच्या घंगाळात पडला, बंद पडला. मी काय करू?

पेपरवाला आला, त्यालाही मी हेच सांगितलं. 'यंत्राची चूक, रुग्णाच्या जिवावर', असं त्यानं छापलं. त्यावर तुला सांगली-साताऱ्याच्या कामावरून काढून पुण्याला बिनकामाच्या खुर्चीत बसवलं, हे मला परक्यांकडून कळलं. मी तुझं नाव घेतलं नव्हतं. पण मिरजेत कुणाचा भाऊ हे टॅब वाटत फिरायचा, हे काय कुणाला ठाऊक नाही?

माझी खाणावळ, माझी चूल. यंत्र तू आणलंस. मग यंत्राचा दोष कुणाच्या दारात ठेवू?

आशीर्वाद या खेपेला नाहीत. जय जिनेंद्र.

अक्का


मिरज,
२७ जानेवारी २०२५

भरतेश,

पोचपावती आली. तुझी सही बघितली, शेवटचा 'श' अजून तसाच लोंबता काढतोस. म्हणजे पत्र घेतलंस. उत्तर दिलं नाहीस, ते दिसतंच आहे.

इथली नवी गोष्ट ऐक. दवाखान्यानं नियम काढलाय. बाहेरचा कुठलाही डबा आत जायचा असेल तर त्याच्यावर छापील चिठ्ठी पाहिजे. पेशंटचं नाव, वॉर्ड, काय खायचं नाही, सगळं. आणि तीच नोंद दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर आधी गेली पाहिजे. हातानं लिहिलेली चालणार नाही. क्रांती मॅडम स्वतः सांगायला आल्या. "अक्का, पहिल्या तारखेपर्यंत करून घ्या. मला तुमचे डबे बंद करायचे नाहीत."

मी म्हटलं, "मॅडम, माझा डबा खाऊन या दवाखान्यातनं हजारो माणसं चालत घरी गेलीत. त्यांच्या चिठ्ठ्या कुणी छापल्या होत्या?"

त्या म्हणाल्या, "एक गेला असता, अक्का."

मी विषय बदलला.

काल-परवा आपणहून फाटकाशी डबे घेऊन उभी राहिले. म्हटलं, नियम लागू व्हायच्या आधीच बघू कोण अडवतंय ते. वॉचमन ओळखीचा, माझ्याच हातचं खाऊन जाडा झालेला. मान खाली घालून म्हणाला, "अक्का, आजपासनंच तपासायला सांगितलंय." चिठ्ठी नसलेला डबा आत सोडला नाही. नातेवाईक बाहेर येऊन घेऊन गेले, जे येऊ शकले ते. जे पेशंटला सोडून येऊ शकत नव्हते, त्यांचे डबे परत आले. रंगुबाई म्हणाली, "अक्का, पोळ्या उरल्या." पंधरा वर्षांत हे वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं. तरी मी वाकणार नाही. चूल पेटवायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि मी एकटी नाही. साताऱ्याचे नाथाजी शेठ म्हणून किराणाचे मोठे व्यापारी आहेत, त्यांचा फोन आला होता. नऊ मार्चला साताऱ्यात मेळावा आहे. सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांतले छोटे दुकानदार येणार, आणि तुमच्या कंपनीचे साहेब येणार सगळ्यांना ऑनलाइन करायला. नाथाजी शेठ म्हणाले, "अक्का, पेपरात वाचलं तुमचं. आम्ही शंभर भाषणं ठोकली तरी काय उपयोग न्हाई. तुमच्यासारखी बाई उभी राहून बोलली की हॉल आपला." मी येते म्हणाले. बोलणारच आहे.

बाळासोंची बायको अंबूबाई परवा आली होती. मला वाटलं, भांडायला आली. तिनं पिशवीतून डबा काढला, घासून लखलखीत केलेला. "तुमचा डबा ऱ्हायला हुता आमच्याकडं. म्हाताऱ्याला बरं हाय आता." मग माझ्याकडं बघत म्हणाली, "मशिनीनं घोळ केला म्हनं?"

मी म्हटलं, "चहा घेता का?"

चहा पिताना तिनं फोन काढला. नातू फौजेत आहे, तिकडं कुठंतरी बर्फात. फोनवरचं एक बटण दाबून धरलं आणि त्याच्याशी तोंडासमोर असल्यासारखी बोलली. आजा कसा आहे, म्हैस व्यायली, सगळं. बोट उचललं, गेलं. मी विचारलं, तुम्हाला वाचता येतं? हसली. "शाळेचं तोंड बघितलंय कुणी! तो बी बोलूनच धाडतो. ऐकायचं न् बोलायचं."

ती गेल्यावर बराच वेळ मी तशीच बसले होते. का, ते आता लिहीत नाही.

टॅब पडला म्हणून मागं लिहिलं होतं. पडला तेव्हा मी जवळच होते, एवढं सांगते.

अक्का


मिरज,
८ फेब्रुवारी २०२५

भरतेश,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. चौथं फाडणार नाही.

टॅब पडला नव्हता. मी टाकला.

बाळासोंना अतिदक्षता विभागात नेल्याचं रिक्षावाल्यानं सांगितलं, तेव्हा मी टॅब हातात घेतला. ती ऑर्डर अजून तिथंच होती. थाळीच्या चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरात दोन ओळी होत्या. इंग्रजीत. सकाळीही त्या मी बघितल्या होत्या. बघितल्या, वाचल्या नाहीत. अक्षरं ओळखू येतात रे मला, एस, ए, एल. जोडून शब्द होत नाही. सकाळी म्हटलं, असेल काहीतरी, पत्ता-बित्ता. रोजच काहीतरी असायचं तिथं, आणि रोज मी हिरवं बटण दाबायची. दोन महिन्यांत एकदाही त्या ओळी कुणाकडून वाचून घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या तर गुणमालाला इंग्रजी येत नाही हे चारचौघांत झालं असतं.

क्रांती मॅडम दवाखान्याचा जिना उतरताना दिसल्या. घंगाळ बाजूलाच होतं. मी दोन्ही हातांनी टॅब त्यात बुडवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत दाबून धरला. मांजराचं पिल्लू बुडवावं तसा. अहिंसेच्या गोष्टी सांगणारी मी. यंत्राला जीव नसतो, पण माझ्या हाताला तेव्हा तसंच वाटलं.

तू शिकवायला आलास तेव्हा विचारलं होतंस, "अक्का, एवढं वाचता येतं ना?" मी म्हटलं, "मला काय अडाणी समजतोस?" तू एक कागद पुढं केलास. त्यावर लिहिलेलं होतं की प्रशिक्षण मिळालं, समजलं. मी ठसठशीत मराठीत सही केली.

आता दुसरं. हे टॅबपेक्षा जुनं आहे.

आपल्या घरात सगळे सांगतात, गुणमालानं भावासाठी दहावीला शाळा सोडली. आई अंथरुणाला खिळलेली, तू चार महिन्यांचा, म्हणून. अप्पांनी हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक पूजेत सांगितलं. तुला पहिली नोकरी लागली तेव्हा तू माझ्या पाया पडून म्हणालास, "अक्का, तुझी शाळा माझ्यामुळं गेली. मी फेडीन." साडी आणली होतीस. मी घेतली. नेसले पण.

खोटं आहे ते. दहावीला मला इंग्रजीत बावीस मार्क पडले. अप्पा म्हणाले, "परत बसतेस का ऑक्टोबरला?" मी तुला खांद्यावर टाकलं होतं. म्हटलं, "मी बसले तर याला कोण बघणार?" अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी बघून मला पुढं बोलता आलं नाही, आणि नंतर बोलायची गरजच उरली नाही. तुला सांभाळलं ते खरं, त्यात कणाची लबाडी नाही. पण शाळा तुझ्यामुळं गेली नाही. इंग्रजीमुळं गेली, आणि ती गेली तेव्हा मला हलकं वाटलं.

चौतीस वर्षं तू माझं देणं मानत आलास. नव्हतं ते.

आता मला ब्लॉक कर, कुलूप घाल, काय करायचं ते कर.

अक्का


मिरज,
२० फेब्रुवारी २०२५

भरतेश,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'इंग्रजीचं मला त्याच दिवशी कळलं होतं, पण महिनाअखेर होती, पाच टॅब बसवायचे बाकी होते. शाळेचं माहीत नव्हतं.' खाली सहीसुद्धा नाही.

कळलं होतं!

कार्ड येईपर्यंत मी तुझ्यासमोर मान खाली घालून चालत होते. मनातल्या मनात, पण चालत होते. आणि तुला कळलं होतं! तुझी अक्का खोटं बोलतेय हे तू ओळखलंस आणि सहीचा कागद पुढं सरकवलास. मी लाजले, तू घाई केलीस, आणि मीठ खाल्लं त्या म्हाताऱ्यानं. हिशेब एवढाच आहे. आता मी एकटी मान खाली घालणार नाही.

तू रागावशील, पण एक विचारते. आपल्या मिरजेत, आपल्या माणसांसाठी, माझ्या स्वयंपाकघरात ते यंत्र इंग्रजी का बोलत होतं? पाहुणा घरात आला तर घरच्यांच्या भाषेत बोलतो की नाही? मी अडाणी नाही. मराठी पुस्तकं वाचते, डबे भरते, एका वेळी पन्नास माणसांची पथ्यं डोक्यात ठेवते. मी खोटं बोलले हा माझा दोष. यंत्र माझ्याशी माझ्या भाषेत बोललं नाही, तो माझा नाही.

कार्ड आल्यावर मी दवाखान्यात गेले. बाळासो खाटेवर बसले होते. अंबूबाई पायाशी. मी उभ्यानंच सांगितलं. मशिनीनं घोळ केला नाही, चिठ्ठी आली होती, मला वाचता आली नाही आणि मी लपवलं.

बाळासोंनी आधी अंबूबाईकडं बघितलं. मग म्हणाले, "आमटी मातुर झ्याक हुती बाई. मला वाटलं, डाक्टरनं सूट दिली."

अंबूबाई हसली नाही. उठून माझ्यासमोर आली. "त्या दोन रात्री म्या जिन्यात बसून काढल्या. माझं कुंकू पुसायचं बाकी ऱ्हायलं हुतं. आन् तुमी मला चहा पाजलासा. तवा सांगाया काय झालं हुतं?"

तिनं तोंड फिरवलं. मी घरी आले.

तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी खाणावळीच्या पायरीवर बसलेली. मी पाणी दिलं, प्याली. मग म्हणाली, "फोन आना तुमचा."

दिला.

"म्हाताऱ्याला अजून म्हैनाभर हितंच दवाखान्यात ऱ्हायाचं हाय. त्याला दुसऱ्या कुनाचं पचत न्हाई. तवा तुमाला शिकवल्याबिगर मला गती न्हाई. हितं दाबा. सोडू नगा. बोला आता."

"काय बोलू?"

"काय बी बोला की! आमच्या म्हाताऱ्याला काय चालत न्हाई ते बोला."

मी बोलले. मीठ नाही, लोणचं नाही, पापड नाही, शहाळं नाही, पाणी मोजून. बोट उचललं. ते तिच्या फोनवर गेलं. तिनं मला माझाच आवाज ऐकवला. केवढी करड्या आवाजाची बाई आहे मी! कधी सांगितलं नाहीस.

रंगुबाई लाटणं हातात धरून म्हणाली, "अक्का, एवढंच हुतं व्हय?"

एवढंच नाही, पण सुरुवात एवढीच.

अक्का


मिरज,
२ मार्च २०२५

भरतेश,

तुझ्याकडून काही नाही. मी तरी लिहिणार. तुला वाचायचं असेल तर वाच, तुझ्या सोयीनं मी थांबणार नाही.

क्रांती मॅडमना मी सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या. मोठ्यानं नाही, पण चेहरा लाल झाला. दोन महिने दवाखान्यात सगळे त्यांच्याकडंच संशयानं बघत होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तसं मोठ्या डॉक्टरांना लिहून दिलं, मराठीत, सहीनिशी. मग मॅडम म्हणाल्या, "आता बसा, शिकवते."

हे असं चालतं बघ. पेशंट किंवा त्याचं माणूस फोनवर बोलून सांगतं, नाव, वॉर्ड, काय खायचं नाही. मी ऐकते आणि तेच माझ्या तोंडानं परत बोलून पाठवते. ही दोन्ही बोलणी क्रांती मॅडम ऐकतात आणि 'बरोबर' म्हणतात. त्यांनी 'बरोबर' म्हटल्याशिवाय मी डब्याला हात लावत नाही. मग फोनला मराठीत सांगते, तो मराठीत लिहितो, आणि छोट्या छापायच्या यंत्रातून चिठ्ठी बाहेर येते. तीच नोंद दवाखान्यात जाते. चिठ्ठी मी डोळ्यांनी वाचते, कारण ती मला वाचता येते.

वाचायला लागतेच. पहिल्या दिवशी मी 'मीठ नाही' म्हटलं. फोननं काय ऐकलं देव जाणे. गडबडीत मी चिकटवली. वॉर्डात डबा उघडला तेव्हा वर लिहिलेलं होतं, 'बाळासो कदम. मिठी नाही.' अख्खा वॉर्ड हसला. बाळासो म्हणाले, "या वयात कोन मारतंय आमाला मिठी? सरकारी हुकूम कशाला काढायचा?" अंबूबाई पदर तोंडात धरून बाहेर गेली. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठी मी छापल्यावर मोठ्यानं वाचते, रंगुबाई ऐकते, मगच ती डब्याला चिकटते. रंगुबाईला चुका सापडल्या की भारी आनंद होतो.

डबे आत जायला लागले. पूर्वीएवढे अजून नाहीत. येतील.

आता साताऱ्याचं. नाथाजी शेठ रोज फोन करतात. "अक्का, टॅबमुळं माणूस मरायची पाळी आली, एवढंच सांगा. बाकी आम्ही बघतो." त्यांना वाटतं मी त्यांच्या बाजूची. पेपर वाचून लोक मला काय काय समजतात! बाजारात एक कापडवाला मला नमस्कार करून म्हणाला, "अक्का, तुम्ही कंपनीला लोळवलंत." मान मिळतोय, भरतेश, आयुष्यात पहिल्यांदा. खोट्यावर उभा आहे, पण मिळतोय. तो सोडवत नाही हेही तुला सांगून टाकते.

रंगुबाई म्हणाली, जाऊच नका, तब्येतीचं सांगा. तसं करता आलं असतं. पण मग तू पुण्यात त्या खुर्चीतच राहिला असतास.

जाणार आहे.

अक्का


मिरज,
११ मार्च २०२५

भरतेश,

पहाटेची एसटी पकडून साताऱ्याला गेले. हॉल खच्चून भरलेला. पेढेवाले, हार्डवेअरवाले, शिलाईवाल्या बाया, रोपवाटिकावाले, पिठाच्या गिरणीवाले. पुढच्या रांगेत तुमचे साहेब, कडक इस्त्रीचे. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, आलेख दाखवले. सगळं इंग्रजीत. माणसं माना डोलवत होती. मी माना बघत होते. एकोणीस वर्षं तोंडं बघून डबे भरलेत, कळलेली मान कुठली आणि न कळलेली कुठली, ते मला ओळखता येतं.

मग नाथाजी शेठ उठले. "आता मिरजेच्या गुणमाला अक्का सांगतील, या यंत्रानं काय केलं." टाळ्या पडल्या.

मी माईक हातात घेतला आणि म्हटलं, "यंत्रानं काही केलं नाही. मी केलं."

टाळ्या थांबल्या.

सगळं सांगितलं. इंग्रजी येत नाही ते, सहीचं, घंगाळाचं, पेपरवाल्याला खोटं सांगितल्याचं. म्हटलं, "माझ्या खोट्यामुळं एका माणसाला कामावरून हलवलं. तो माझा भाऊ आहे, पण भाऊ नसता तरी ते खोटंच होतं." तुला कळलं होतं, हे मी सांगितलं नाही. ते माझं नाही. तुझं तू सांग, कधी आणि कुणाला ते तुझं तू ठरव.

नाथाजी शेठ माझ्या हातातला माईक घ्यायला आले. मी दिला नाही. "शेठ, माझं अजून झालं नाही. तुम्ही टाळी वाजवलीत तेव्हा मी थांबवलं नव्हतं. आता तुम्हीही थांबवू नका."

मग साहेबांकडं वळले. ते हसत होते, त्यांना वाटलं खटला जिंकला. मी म्हटलं, "साहेब, हसू नका. मला वाचता येत नाही हे मी लपवलं, कारण तुमच्या यंत्रासमोर उभं राहिलं की आपण दहावी नापास झालेली पोर आहोत असं वाटतं. माझा धंदा माझ्या भाषेत चालतो. त्यात पेशंट कोण, त्याला काय चालत नाही, हे लिहायला तुमच्याकडं बोटभर जागा होती, ती पण तळाला. थाळीचं चित्र मात्र पानभर."

साहेब म्हणाले, "मॅडम, इंग्रजी तर आजकाल सगळ्यांनाच..."

मी हॉलकडं तोंड केलं. "कोण कोण न वाचताच हिरवं बटण दाबतं? मी दाबलं. एक माणूस मरता मरता वाचला. आता तुम्ही सांगा."

कुणी हलेना. पंखे तेवढे फिरत होते. मला वाटलं, संपलं, मी वेडी ठरले. मग मागून एका शिलाईवाल्या बाईनं हात वर केला, पदर सावरत, अर्धाच. तिच्या शेजारणीनं केला. एका पेढेवाल्यानं केला, त्याच्या मुलानं त्याच्याकडं चमकून बघितलं. मग मी मोजायचं सोडलं. निम्म्याहून जास्त हॉल होता, भरतेश.

साहेबांचं हसू गेलं. नाथाजी शेठांनी हात वर केला नाही. पण नंतर एसटी स्टँडवर, मी मिरजेच्या गाडीची वाट बघत होते तेव्हा, ते धापा टाकत आले. मला वाटलं, शिव्या द्यायला. इकडंतिकडं बघून त्यांनी खिशातून फोन काढला आणि हळूच म्हणाले, "अक्का, हे बँकेचं काय आलंय बघता का? पोरांना विचारायची चोरी झालीय." मी म्हटलं, "शेठ, मलाही येत नाही. पण याला मराठीत विचारायचं कसं ते दाखवते." गाडी येईपर्यंत दाखवलं.

आज सकाळी तुमच्या साहेबांचा फोन. आवाज मऊ. माझं म्हणणं त्यांनी वर कळवलंय. मराठीत करून देतो म्हणाले, पथ्याचा रकाना सगळ्यात वर घेतो म्हणाले. जाहिरातीसाठी माझा फोटो पाहिजे होता. मी म्हटलं, फोटो मिळणार नाही, आधी काम. आणि हे जो कुणी करेल त्यानं एक अख्खा दिवस, चूल पेटल्यापासून विझेपर्यंत, माझ्या स्वयंपाकघरात बसायचं. सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले. कोण ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. "तुमच्या भावाविषयीचा गैरसमज दूर झालाय," एवढं बोलले.

तू येशील की नाही ते मला माहीत नाही. ये म्हणून मी लिहीत नाही. दुसरा कुणी आला तरी काम अडणार नाही.

पण आलास, तर पाहुणा म्हणून बसवणार नाही. सकाळी सहाला यायचं. शेंगा सोलायच्या, डबे पुसायचे, आणि यंत्रावर जे जे येईल ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचं. कळलं नाही तर मी 'कळलं नाही' म्हणेन. पुन्हा सांगायचं. परत कळलं नाही तर परत. घाई आहे, महिनाअखेर आहे, असलं माझ्या चुलीपाशी चालणार नाही. 'मला येत नाही' हे म्हणायची मला आता सवय झालीय. ऐकायची सवय तुला करावी लागेल.

अक्का